सहाव्या खंडातली संध्याकाळ

“जोरात वाच! अरे जोरात वाच ना बाप्पा! मुंग्यांले सांगून राह्यला का गोष्ट?”

बाई ओरडत होती. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती मोहाच्या झाडाखाली कमरेत वाकून फुलं वेचत होती आणि मी तिच्यापासून वीसेक हातांवर, एका उपड्या टोपल्यावर बसून पुस्तक वाचत होतो. सकाळचे सहा वाजले असतील. पुस्तकात मात्र संध्याकाळ होत होती. पान दोनशे बारावर सुरू झालेली ती संध्याकाळ दोनशे चौदावर आलो तरी संपायला तयार नव्हती. एवढ्या वेळात आमच्याकडे धानाची एक बांधी, म्हणजे बांधातला अख्खा तुकडा, रोवून होते.

“वाचून राह्यलो ना,” मी म्हटलं.

“मले आयकू येत नाई. मले नाई येत तं त्याले कसं येईन?”

त्याले म्हणजे वाघाला.

हे जरा उलगडून सांगायला पाहिजे, नाहीतर लांबच्या वाचकाला वाटेल की चंद्रपूरकडचे लोक सकाळी उठून वाघांना कादंबऱ्या वाचून दाखवतात. तसं आम्ही दाखवतोच, पण त्याला कारण आहे. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. वेचणारा माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चितळ वाटतो. अस्वलाचं आणखी वेगळं. त्याला मोहफुलं आपल्यापेक्षा जास्त आवडतात, आणि आपण आहोत हे त्याला आधी कळलं तर ते वाट बदलतं. अचानक समोर पडलो तर मात्र बदलत नाही. म्हणून आमच्याकडे मोह वेचताना आवाज करत राहायची पद्धत आहे. कुणी थाळी बडवतं, कुणी खोटं खोटं खोकतं. आमच्या गावात एक म्हातारी आहे, ती तीन तास सुनेला शिव्या घालते, एकही शिवी दुसऱ्यांदा न वापरता. तिच्या झाडाकडे वाघ सोडा, सरपंचही फिरकत नाही.

माझी नागभीडकडच्या एका खेड्यात पिठाची चक्की आहे. पंचवीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर ओरडून गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस मी. मी घरात ‘पाणी दे’ म्हटलं तर शेजारच्या गावातून कुणीतरी तांब्या घेऊन निघतं. एकदा बायकोला हाक मारली तर रेल्वेच्या फाटकावर गाडी थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरून विचारत होता, काय झालं म्हणून. तर असा आवाज देवानं दिलेला, आणि बाईचं झाड जंगलाच्या अगदी टोकाला, नाल्याजवळ. तिकडे एकट्यानं जायची कुणाची हिंमत नव्हती. म्हणून मी वाचायला जायचो.

त्या झाडाचीही एक गोष्ट आहे. ती लहानच आहे, आणि ती मी वाढवणार नाही. बाईचा नवरा लवकर गेला. ती माहेरी परत आली. शेत आम्हा भावांत वाटलेलं होतं, घरही. आईनं मरायच्या आधी तिला ते मोहाचं झाड दिलं. झाड जंगलातलं, त्याला सातबारा नाही, कागद नाही. पण कुठलं झाड कुणाचं हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही कुणी उचलत नाही. फक्त एक आहे, लागोपाठ दोन हंगाम झाडाखाली कुणी गेलं नाही, तर झाड सुटलं असं मानतात. मग ज्यानं त्याच्याखालची जागा झाडून घेतली, त्याचं ते. बाई आमच्या घरात राहायची, आमच्या चुलीवर रांधायची, वहिनींच्या तोंडाकडे बघून ताटात वाढून घ्यायची. त्या झाडाखाली मात्र ती कुणाची पाहुणी नव्हती. तिथे ती मला अशी ओरडायची की चक्कीवाला मी, पण इंजिन ती.

आता पुस्तकाचं.

पहिला खंड मला नागभीडच्या स्टेशनावर मिळाला. गाडी चार तास लेट होती, म्हणजे आमच्या हिशेबानं वेळेवर. एक माणूस चादर अंथरून जुनी पुस्तकं विकत होता. वर चित्र होतं: पाठीवर पोतं घेतलेली एक बाई आणि तिच्यासमोर सिंहासनावर लाल डोळ्यांचा राजा. मी स्टेशनावरच सुरू केलं. गाडी आली, गेली, मला कळलं नाही. लोक म्हणतात दुसरीही गेली.

गोष्ट अशी होती. एका राजाला तीस वर्षं झोप नाही, म्हणून तो प्रजेची झोप काढून घेतो. एक मीठ विकणारी बाई त्याच्याशी भिडते. राजा तिच्या भावाला नदीपलीकडच्या गडात कोंडतो. एक नावाडी तिला पार न्यायला तयार होतो. एवढंच. पण लिहिलं कसं होतं! “मिठवाली उठली. पोतं पाठीवर टाकलं. म्हणाली, वाट सोड. राजानं वाट सोडली नाही. मग तिनं मीठ उधळलं.” बस. वाक्य पडायचं ते कुऱ्हाडीसारखं. पुढचं वाक्य म्हणजे दुसरा घाव. अशी वाक्यं मनात वाचताच येत नाहीत. ती ओरडावी लागतात. जणू लेखकानं आमचं झाड बघूनच ती लिहिली होती.

पहिल्या हंगामात मी पहिला खंड वाचला, तसा मोह कधी वेचला गेला नसेल. मी म्हणायचो “मिठवाली उठली!” की बाईचा हात फुलावर. “पोतं पाठीवर टाकलं!” की फूल टोपल्यात. राजाशी भांडण पेटलं की तिचा हात असा चालायचा की झाडावरची फुलं घाबरून आधीच गळायची. शेजारचं झाड एका गोंड म्हाताऱ्याचं होतं, त्याला आम्ही मामा म्हणायचो. तो दिवसेंदिवस त्याच्या झाडाच्या अलीकडच्या बाजूलाच वेचू लागला. मग एक दिवस सरळ आला आणि म्हणाला, “तुमचा राजा झोपत काऊन नाई? एक घोट मोहाची पाजा ना त्याले. पुस्तकच खतम.”

“मामा, मग पुढचे खंड कसे निघतीन?” मी म्हटलं.

“हं,” मामा म्हणाला. “म्हणूनच नाई पाजून राह्यला लिवणारा.”

दुसरा खंड आरमोरीहून मागवला, तिसऱ्यासाठी मी स्वतः चंद्रपूरला गेलो. त्या तीन वर्षांत आमच्या बाजूला वाघानं बैल मारला नाही की कुणाला हात लावला नाही. मी गावात सांगायचो की वाघ नाल्यापलीकडे बसून ऐकतो आणि लढाईच्या प्रकरणाला शेपटी आपटतो. जंगलखात्याचा गार्ड म्हणाला, भाऊ, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तसलं काही आलेलं नाही. मी म्हटलं, तो कॅमेऱ्यासमोर बसत नाही, त्याला लाज वाटते.

बाई चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची, पण पुस्तकाच्या मागचा लेखकाचा फोटो तिला पाठ होता. चष्मा, शाल, हनुवटीखाली हात. “बिचारा,” ती म्हणायची, “किती विचार करून राह्यला.” त्या पुस्तकातली एक रीत तिनं उचलली. मिठवालीच्या मुलखात कुणी मेलं की उंबऱ्यावर चिमूटभर मीठ ठेवतात. गावात कुणी गेलं की बाई ठेवू लागली. वहिनी चिडायच्या, मुंग्या होतात म्हणून. मिठाला मुंग्या होत नाहीत हे त्यांना कोण सांगणार. बाई तरी मीठ ठेवायची. तिसरा खंड संपला तेव्हा मिठवाली आणि नावाडी नावेत बसले होते आणि नाव काठावरून सुटली होती.

आणि मग चौथा खंड आला.

मला आजही त्या माणसाचा राग येतो. रागानं माझं पीठ जाडं दळलं जातं, गिऱ्हाइकं तक्रार करतात. झालं असं की मधल्या काळात शहरातल्या लोकांनी त्याला वाचलं. पेपरात कुणीतरी छापलं की लेखकाला आता त्याची शैली सापडली आहे. सापडली तर पोलिसात जमा करायची, ज्याची असेल तो घेऊन गेला असता. पण यानं ठेवून घेतली. चौथ्या खंडात नाव नदीत आणि लेखक शैलीत. पाचव्यातही नाव नदीतच. सगळे विचार करू लागले. मिठवाली विचार करी, नावाडी विचार करी, राजा आधी फक्त जागा होता तो आता जागा राहण्यावर विचार करू लागला. नदीसुद्धा विचार करी. चारशे पानं, आणि वल्हं पाण्यात पडलं ते बाहेर आलंच नाही.

आणि वाक्यं! “आणि तेव्हा, त्या मावळत्या, म्लान, मंदमधुर, जणू कुण्या विस्मृत वीणेच्या तारेवरून ओघळलेल्या आणि ओघळता ओघळता स्वतःच्याच ओघळण्याचं भान येऊन किंचित थबकलेल्या प्रकाशात...” इथं माझा श्वास संपायचा. मी चक्कीवाला, माझी छाती म्हणजे लोहाराचा भाता, तरी संपायचा. असलं वाक्य ओरडायला सुरुवात करता येते, शेवट मात्र कुजबुजत होतो. आणि आपल्या भाषेत खरं काय झालं ते वाक्याच्या शेवटी कळतं. तोवर बाई हातात फूल धरून वाकलेली, मला बघत, की टाकू का टोपल्यात, का थांबू?

“मग?” ती विचारायची. “प्रकाशात काय झालं?”

“काही नाई झालं. प्रकाश होता.”

“एवढ्यासाठी एवढं?”

एवढ्यासाठी एवढं. हे माझं सगळं समीक्षण बाईनं दोन शब्दांत उरकलं होतं. पण ती पुस्तक सोडायला तयार नव्हती. माणसं नावेत बसलीत, ती म्हणायची, त्यांना मधात कसं सोडायचं?

मग मी लबाडी सुरू केली. गावात मी गप्पिष्ट म्हणून बदनाम होतोच, म्हटलं ती बदनामी कामी लावू. पुस्तक उघडं धरायचं आणि मनचं सांगायचं. मी नाव उलटवली. मगरीनं राजाचा हेर गिळला. नावाड्यानं वल्ह्यानं मगरीचे दात मोजून पाडले. आवाज असा लावला की पलीकडून मामानं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं.

बाई सरळ उभी राहिली. “हे पुस्तकात नाई.”

“काऊन नाई? हे बघ, पान—”

“पान पलटवलं नाई तू. आणि तुह्या गप्पा मले घरी फुकट आयकाले भेटते. मले तेच पाह्यजे जे त्यानं लिवलं.”

मला ते फार लागलं. मी जे सांगत होतो ते त्याच्या चौथ्या-पाचव्या खंडाहून शंभर पटीनं बरं होतं. यात मी काही वाढवत नाही, मामालाही तसंच वाटत होतं. पण बाईला माझी थाप नको होती. तिला ते पाहिजे होतं जे कुणीतरी दूर कुठेतरी बसून, तिला न ओळखता, तिच्यापर्यंत पोचवलं होतं. आमच्या घरात तिच्यापर्यंत पोचायचं ते सगळं कुणाच्या तरी हातून उरलेलं असायचं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी चिडलोच असतो.

तर मग मी चिडून खरं वाचू लागलो. मुद्दाम सपाट, मुद्दाम पुटपुटत, म्हणजे तिला कंटाळा येईल आणि ती म्हणेल, सोड ते. ती तसं म्हणाली नाही. ती ओरडायची, जोरात वाच. रोज ओरडायची. आणि अशा रीतीनं आम्ही सहाव्या खंडाच्या पान दोनशे चौदावर येऊन पोचलो, जिथं संध्याकाळ होत होती.

“मले नाई येत तं त्याले कसं येईन?” ती म्हणाली, आणि मी म्हटलं, “थांब जरा, बाई. ही संध्याकाळ कुठी खतम होते ते शोधून राह्यलो.”

ती थांबली. ओरडायची थांबली, वेचायची नाही. मी पानं उलटू लागलो. दोनशे पंधरा, सोळा, सतरा. पूर्णविराम शोधत होतो. मामाही त्या दिवशी त्याच्या झाडाच्या पलीकडच्या बाजूला होता. पाचव्या खंडापासून त्यानं ऐकणं सोडलं होतं.

इथून पुढं मी काही वाढवून सांगत नाही.

अस्वल नाल्याकडून आलं. मी ते पाहिलं नाही, मी दोनशे अठरावर होतो. बाई मला काहीतरी विचारायला सरळ झाली आणि ते तिच्यापासून पाच-सहा हातांवर होतं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं. तिनं टोपलं पुढं केलं, मग डावा हात. एकच फटका. मी तिचा आवाज ऐकला तेव्हा वर पाहिलं. मामा कुऱ्हाड घेऊन धावत आला, त्याच्या भाषेत ओरडत, आणि अस्वल वळून नाल्यात उतरलं. मी पानं उलटायला लागल्यापासून अस्वल येईस्तोवर बाईनं फार तर दोन मुठी फुलं वेचली असतील. तेवढाच वेळ मी गप्प होतो.

गावात मी सांगतो की सहावा खंड मी अस्वलाच्या कपाळावर फेकून मारला, साडेपाचशे पानांचा, आणि त्या शैलीनं अस्वलाला घेरी आली. लोक हसतात. खरं असं आहे की पुस्तक माझ्या हातून सुटलंच नाही. माझं बोट पानात होतं. मामा ओरडत होता, बाई खाली बसली होती, आणि मी बोट पानात ठेवून उभा होतो.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, मांस फाटलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यातून चंद्रपूरला पाठवलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अंगाला मोहाचा वास. रस्त्यात तिनं डोळे उघडले आणि विचारलं, “नाव पार गेली का?”

“गेली,” मी म्हटलं.

“वाचलं तू?”

“वाचलं.”

दवाखान्यातल्या मुक्कामात मी तिच्यासमोर त्या लेखकाचा असा उद्धार केला की वॉर्डातले पेशंट उठून बसले, एकाचा तर पाय जोडला गेला. मी म्हटलं, हा हात अस्वलानं नाही मोडला, त्या माणसाच्या वाक्यानं मोडला. तीन ओळींत सांगायचं ते सहा पानांत सांगतो, माणसानं वाचावं कसं? आता एक ओळ वाचणार नाही. सोडलं मी ते. त्याची शैली त्याला लखलाभ. बाई छताकडे बघत ऐकत होती. “नाव पार कशी गेली ते सांग,” ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तक घरी आहे, बघू नंतर.

घरी आल्यावर मी लेखकाला पत्र लिहायला बसलो. वहीची आठ पानं भरली. त्यात शिव्या होत्या, अस्वल होतं, पूर्णविरामाबद्दलचं माझं मत होतं. चौथ्या पानावर मागं वळून पाहिलं तर माझंच वाक्य दुसऱ्या पानावर सुरू झालं होतं आणि अजून संपलं नव्हतं. ती वही मी चक्कीत भुसा झाडायला घेतली.

हिवाळ्यात सातवा खंड आला. शेवटचा. मी आधीच नोंदवून ठेवला होता, विसरलो होतो. चक्कीवर उभ्यानं पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य पाहिलं. ‘आणि’ पासून सुरू होत होतं. मिटलं. चक्कीचा एक पाय डगमगत होता, त्याखाली घातलं. बरोब्बर बसलं. आता ते इतकं दबलंय की काढायचं म्हटलं तर चक्की बंद करावी लागेल.

बाई विचारायची. आठवड्यातून एकदा, भाजी निवडता निवडता, एका हातानं. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. “आला का पुढचा?” मी म्हणायचो, नाही आला. फाल्गुन लागला. मोहाला कळ्या आल्या. बाई म्हणाली, “बाबू, यावर्षी जायचं ना? एका हातानं वेचीन मी. तू फक्त वाचजो.”

आता हे मी कबूल करतो. मला त्या झाडाखाली बसायची भीती वाटत होती. वाघाची नाही, अस्वलाची नाही. तिथं बसून पुस्तक उघडलं की मला माझा गप्प राहिलेला आवाज ऐकू येईल, याची. शैली वाईट होती हे शंभर टक्के खरं. ते मी कोर्टात सांगीन. पण मी त्या शैलीच्या आड जितका लपलो तितका त्या राजाचा हेरही कुठे लपला नसेल.

मी म्हटलं, “बाई, तो लेखक मेला.”

“काय म्हणते!”

“मेला. पुस्तक अर्धंच राह्यलं. आता काय वाचू तुले?”

ती उठली, मिठाच्या बरणीतून चिमूट घेतली आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवली. मी जिवंतपणीच मारलेल्या माणसासाठी. त्या वर्षी ती मोहाला गेली नाही. झाडाखाली फुलं पडून सडली, हरणांनी खाल्ली, आणि गावात सगळ्यांना दिसलं की हा एक हंगाम रिकामा गेला. एक.

पुढच्या वर्षी माघात चुलीपाशीचं मीठ संपलं, म्हणून मी तिच्या खोलीतल्या बरणीतलं घ्यायला गेलो. बरणी उचलली तर खाली पेपरचा एक तुकडा होता, तेलाचे डाग पडलेला. बाजारातून आणलेल्या चिवड्याच्या पुडीचा असावा. त्यात फोटो होता. चष्मा, शाल, हनुवटीखाली हात. त्याचा कुठेतरी सत्कार झाला होता, मालिका पूर्ण केल्याबद्दल. तुकडा घडी न पाडता, सपाट करून ठेवला होता. उंबऱ्यावर पाहिलं तर तिनं वर्षभर जपलेलं मीठ नव्हतं. पुसून घेतलेलं होतं.

बाई अंगणात होती. तिनं मला बरणीसह पाहिलं. मीठ घेतलं का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. पुढचा महिनाभर आम्ही बोलत होतो, म्हणजे पाऊस, कांदे, वहिनींचे गुडघे. मामाची सून अधूनमधून तिच्याजवळ येऊन बसायची. पुस्तकाचं नाव तिनं काढलं नाही. मी रोज ठरवत होतो की उद्या सांगीन.

मोह गळायला लागला त्या दिवशी मी सकाळी चक्की उघडलीच नाही. पेटीतून पहिला खंड काढला, स्टेशनावरचा, कडा कुरतडलेला. तिच्या दारात गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी दारातूनच सुरू केलं, पूर्ण छातीनं, की कोंबड्या उडाल्या:

“मिठवाली उठली! पोतं पाठीवर टाकलं! म्हणाली, वाट सोड!”

बाईनं वर पाहिलं.

“काऊन ओरडून राह्यला? इथी वाघ नाई.”

“चल ना बाई. उठ. झाडाखाली जाऊ. पहिल्यापासून वाचतो. पहिले तीन खंड, चांगले वाले, एक ओळ गाळणार नाई, मनचं घालणार नाई. तीन झाले की सहाव्याचं राह्यलेलं आणि सातवाही वाचतो. चक्कीखालून काढतो, चक्की बंद पडली तरी काढतो. जसं लिवलं तसं वाचतो, जोरात, श्वास संपला तं दुसरा घेईन. तो मेला नाई, बाई. मी खोटं बोललो. चल, दुसरा हंगाम आहे हा, आज नाई गेलो तं—”

तिनं एक खडा उचलला, बाजूला टाकला आणि सूप परत हलवलं.

“झाड मी देऊन टाकलं,” ती म्हणाली. “मामाच्या सुनेले.”